उशीचं तोंड

१

भैय्याजीच्या कानाले चिकटपट्टी चिकटली होती, न् तिच्यावर परीक्षेची उत्तरं लिहिली होती.

भैय्याजी म्हणजे माह्या बाजूच्या खाटेवरचा म्हातारा. खापा गावचा. बैलबंडीवरून पडून दोन्ही हात पलस्तरात गेलेले, त्यामुळं स्वतःचा कान स्वतःले खाजवता येत नव्हता. "माह्या कानाले काय डसून राहिलं, पाहा ना कोणी," असं तो केव्हाचा म्हणून राहिला होता. पण त्या दिवशी वॉर्डात नर्सिंगच्या पोरींची शेवटच्या वर्षाची प्रॅक्टिकल परीक्षा होती. रोग्याच्या कानाकडे पाहायले कोणाले फुरसत नव्हती.

शेवटी अमरावतीहून आलेल्या परीक्षक बाईच वाकल्या. भैय्याजीच्या दाराकडच्या कानावरून त्यांनी पट्टी सोलली, चष्मा वर सरकवला न् वाचली. त्यांचा चेहरा असा झाला का आमचा अख्खा वॉर्ड खोकायचा थांबला.

पट्टी बोटभर लांब. जखमेले लावतात तीच. तिच्यावर जांभळ्या औषधात काडी बुडवून मोठी मोठी इंग्रजी अक्षरं न् आकडे काढले होते. कोणतं इंजेक्शन किती, लहान लेकराले किती, सलाईनचे थेंब कसे मोजायचे. बाई सकाळपासून पोरींना जे विचारून राहिल्या होत्या, ते सारं तिच्यावर होतं.

"ही उशीच्या खोळीतून निघाली आहे," बाई म्हणाल्या. पट्टीचं दुसरं टोक अजून खोळीच्या तोंडातच चिकटून होतं, ते त्यांनी ओढून काढलं.

माहा पाय वजनं बांधून वर टांगलेला. मले फक्त मान वळवता येत होती, ती मी वळवली. भैय्याजीची चादर अशी ताणलेली का तिच्यावर गोटी टाकली तर उड्या मारन. उशी शुभ्र. खोळीच्या कोपऱ्यावरचा दवाखान्याचा काळा शिक्का सरळ माह्याकडे पाहून राहिला होता.

तोपर्यंत मेट्रन कौशल्याबाई येऊन पोचल्या होत्या. या बाईंच्या चपलेचा आवाज आला का रोगी सुद्धा बरे होऊन जात.

"हा पलंग कोणी लावला?"

पोरी एकमेकींकडे पाहायले लागल्या. उत्तर दिलं ते वॉर्डाच्या इन्चार्ज अंजना सिस्टरनं, हातातल्या टॉवेलाकडे पाहत.

"प्रेमिलानं."

२

प्रेमिला इंदोऱ्याची. छप्पन साली, दीक्षेच्या वर्षी जन्मलेली. तिचा बाप आनंदराव हिंगण्याच्या कारखान्यात पाळीवर जाये न् पाळी सुटली का कधी कधी दवाखान्याच्या फाटकाशी सायकल धरून उभा राहे. आत येत नसे. पोरगी टोपी घालून व्हरांड्यातून जाताना दिसली का पायडलवर पाय मारून निघून जाये. मले हे ठाऊक, कारण माह्या खाटेजवळच्या खिडकीतून फाटक दिसे, न् टांगलेल्या माणसाले दुसरं काम काय.

तिले बोलावलं. ती तिची परीक्षा आटपून केव्हाची नर्सिंगच्या शाळेत जाऊन बसली होती. आली तशी मेट्रननं तिच्यापुढं पट्टी धरली न् हात दाखव म्हटलं.

तिनं हात पुढं केले. उजव्या हाताची दोन बोटं जांभळी होती.

आता त्याचं कारण सारा वॉर्ड जाणे. तंबाखू खाऊन खाऊन भैय्याजीचं तोंड आलं होतं. रोज सकाळी प्रेमिला त्याच्या तोंडात ते जांभळं औषध लावे, न् रोज हा बुढा तिचं बोट चावे. भैय्याजीची जीभ वांग्यासारखी झाली होती. हे मी मेट्रनले सांगाले गेलो, तर त्यांनी माह्याकडे नुसतं पाहिलं. मी अर्ध्यातच थांबलो.

पुढचं मेट्रन परीक्षक बाईंशीच बोलल्या, हळू, पण ऐकू येईन असं. पलंग हिनं लावला. औषध हिच्या बोटांवर. आणि तोंडी परीक्षेत एकही उत्तर चुकली नाही अशी ही एकटीच. बाईंनी मान हलवली. म्हणाल्या, संध्याकाळच्या गाडीनं मी परत जाणार, त्याआधी अहवाल लिहावा लागेल. एकदा नकलेच्या आळाखाली नाव कापलं गेलं तर कोणतीच शाळा हिले दारात उभी करणार नाही.

प्रेमिला एवढंच म्हणाली, "ते माहं नाही मॅडम."

मेट्रननं हात पुढं केला. प्रेमिलाले कळलं. तिनं केसातल्या दोन्ही पिना काढल्या, टोपी उतरवली, तिची कड चुरगाळू नाही म्हणून दोन्ही हातांवर ठेवली न् तशी दिली.

मग मेट्रन वळल्या त्या माह्याकडे.

"आणि बाबाराव, यात तुमचा चाळा निघाला ना, तर त्या टांगलेल्या पायासकट तुम्हाला फाटकाबाहेर ठेवीन."

३

मेट्रनबाईंचं चुकलं नव्हतं. माहं नावच तसं.

मी इतवारीतला. मारबतीच्या मिरवणुकीतले बडगे बनवतो. वर्षभर ज्यानं ज्यानं लोकाले पिडलं त्याचा बांबू-कागदाचा पुतळा करायचा, गावभर शिव्या देत फिरवायचा न् जाळायचा, हा आमचा नागपूरचा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा कारभार. अठ्ठ्याहत्तरच्या साली असल्याच एका बडग्याचं नाक बसवता बसवता मी नाकावरूनच खाली आलो न् मांडीचं हाड मोडून घेतलं. हात रिकामे पडले, पण डोकं काही रिकामं पडलं नाही. वॉर्डात आल्यापासून मी कोणाच्या थर्मामीटरले चहात बुडवलं, कोणाच्या नाश्त्याचं केळं नुसत्या सालीवर आणलं.

सर्वात मोठा चाळा उशांचा. या नर्सिंगवाल्यांचा एक नेम असतो. पलंग लावला का उशीच्या खोळीचं उघडं तोंड दाराच्या उलट्या बाजूले पाहिजे. डॉक्टर दारातून आत आला तर त्याले रांगेनं शिवलेल्या बाजू दिसल्या पाहिजेत, उघडी तोंडं नाही. पोरींना हे असं घोकवतात का झोपेत उशी दिली तरी त्या बरोबर ठेवतीन. आमच्या वॉर्डाचं दार रांगेच्या त्या टोकाले, न् मी या टोकाले, शेवटच्या खाटेवर, चादरीच्या मोठ्या कपाटाजवळ. म्हणजे सगळ्या उशांची तोंडं माह्याकडे. दिवसभर माह्याकडे आ करून पाहून राहिलेल्या उशा.

तर एका सकाळी मेट्रनच्या राउंडच्या आधी मी वॉर्डाचा जुना चाकर धोंडबा याले तंबाखूची लालूच दाखवली न् रांगेतल्या सगळ्या उशा उलट्या करायले लावल्या. पोरी आल्या न् किंचाळल्याच. पळत पळत उशा फिरवायले लागल्या. अंजना सिस्टर तेवढ्या शांतपणे रांगेतून चालत आल्या, इथली चादर सरळ कर, तिथलं ब्लँकेट ओढ, पण उलट्या उशांना त्यांनी बोट लावलं नाही, न् मले एक शब्द बोलल्या नाहीत. मले वाटलं, माऊली मले वाचवून राहिली.

असा माहा लौकिक. म्हणून त्या दुपारी माह्या मनात पहिले आलं ते हेच, का हा लौकिक कामी लावावा.

प्रेमिलाले निकाल होईपर्यंत व्हरांड्यात बाकड्यावर बसवलं होतं, नेमकं माह्या खिडकीखाली. मी खिडकीच्या गजाशी तोंड नेलं.

"ऐक वं पोरी. मी सांगतो मेट्रनले का पट्टी म्याच लावली. गंमत केली म्हणतो. तिले लगेच पटन."

ती वर पाहत नव्हती. "तुमाले हाकलतीन ना काका. पायाले वजन बांधून कुठी जासान?"

"ते माह्यावर सोड. मी काय पहिल्यांदा हाकलला जाऊन राहिलो का?"

"नाही."

"काहून नाही?"

"माह्यावर खोटेपणाचा आळ आहे. खोटं बोलूनच सुटली तर त्या म्हणतात ते खरंच झालं ना मग." तिनं जांभळी बोटं पदरानं पुसली, ती काही निघत नव्हती. "बाबाची पाळी सुटन आता. फाटकाशी येतीन ते. त्यायले मी बिनटोपीची दिसीन. तुमाले एवढे चाळे सुचतात काका, मग खरं शोधाले काहून नाही सुचत?"

आता हे बोलणं मले लागलं. टांगलेला माणूस, पळून तरी कुठी जाईन.

४

मी डोळे मिटले न् सकाळ पुन्हा पहिल्यापासून पाहायले घेतली.

भैय्याजीले धोंडबानं उचलून व्हरांड्यात खुर्चीवर नेऊन बसवलं होतं. प्रेमिलानं त्याचा पलंग उघडा केला न् परीक्षक बाईंच्या समोर नव्यानं लावला. लावून झाल्यावर उशी ठेवली, तोंड माह्याकडे. हे मी छातीठोक सांगतो, कारण ते उघडं तोंड पाहून माहा हात शिवशिवला न् मी भैय्याजीच्याच पुडीतले फुटाणे घेऊन त्या तोंडात नेम धरला. एक खाली पडला, दुसरा खाटेच्या दांडीले लागला. तिसरा आत गेला. प्रेमिलानं पाहिलं, पण हसली नाही, परीक्षा होती. बाईंनी कागदावर गुण मांडले, तिले तोंडी प्रश्न विचारले, न् जा म्हटलं. ती गेली ती गेलीच.

मग पट्टी सापडली तवा मले काय दिसलं? खोळीचा काळा शिक्का.

मी डोळे उघडले. शिक्का मारतात तो खोळीच्या शिवलेल्या कोपऱ्यावर. माह्याकडे शिक्का, म्हणजे तोंड तिकडे, दाराकडे. पट्टी चिकटली तीही दाराकडच्या कानाले.

मंजे प्रेमिला गेल्यावर कोणीतरी उशी उचलली, तिच्या तोंडात पट्टी कोंबली, न् उशी उलटी ठेवली.

भैय्याजी नाही, त्याचे हातच बांधलेले. मग कोण? मी पाहिलं काहून नाही? तर त्या वेळी मी स्वतःच परीक्षेचं सामान होतो. माह्या खाटेभोवती कापडी पडदे लावले होते न् प्रमोदिनी नावाची दुसरी पोरगी माहं अंग पुसून दाखवून राहिली होती. या प्रमोदिनीची ही तिसरी खेप. दोनदा नापास झालेली. बाईंनी डोस विचारला का ती माह्या पाठीवर टॉवेल फिरवायचं थांबे, न् तिची नजर पडद्याच्या फटीकडे जाये. मले तवा वाटलं, बिचारी पळून जायची वाट पाहून राहिली. शेवटी परीक्षक बाई कंटाळून एकाएकी पडद्याबाहेर गेल्या, पाणी प्यायले.

पडद्याबाहेर, भैय्याजीच्या खाटेशी, तवा कोण होतं?

पहिले मी धोंडबाले हाक मारली. विचारलं तर उखडला. म्हणे मी गरम पाण्याची बादली आणली, सिस्टरच्या पुढ्यात ठेवली, न् परत पळालो. "अन् मले तुमच्या पट्ट्यांचं काय घेनं? मले सही येत नाही तर डोस कुठून येतीन? पहिले बरं होतं बापा. दार इकडंच होतं, त्या कपाटामागं. पाणी दोन पावलात यायचं. एक्स-रेची खोली बांधली न् ते दार फळ्या ठोकून बुजवलं, तवापासून सारा वॉर्ड पालथा घालून राहिलो मी." मी कपाटाकडे पाहिलं. त्याच्या बुडाखालून उजेडाची एक रेघ रोज येत असे. मले वाटे भिंत फुटली आहे.

प्रमोदिनी औषधांच्या टेबलापाशी एकटीच उभी होती, बाटल्या पुसलेल्याच पुन्हा पुसत. तिले मी पाणी मागितलं. जवळ आली तवा हळूच विचारलं, "पट्टी तुह्यासाठी होती ना?"

तिनं ग्लास खाली ठेवला. "मी पट्टीले हात नाही लावला, बाबारावजी. आईची शपथ."

"हात लावला असं कुठी म्हटलं मी?"

ती रडायले लागली, आवाज न करता. एवढंच बोलली का मी मठ्ठ नाही. वर्ग सुरू झाला का निरोप यायचा, वॉर्डात माणसं कमी आहेत, प्रमोदिनीले पाठवा. बाकीच्या पोरी डोस शिकत तवा मी बेडपॅन धूत होती. निरोप कोणाचा, हे मी विचारलं. ती पुन्हा बाटल्या पुसायले गेली.

खिडकीबाहेर ऊन उतरून राहिलं होतं. मेट्रनच्या खोलीत टाइपरायटर सुरू झाला होता. अहवाल तयार होऊन राहिला होता.

५

माह्याजवळ पाय नव्हता, पण उशी होती.

उशी ज्यानं उलटी ठेवली त्यानं मुद्दाम ठेवली नसन. चोरी करताना माणूस घाईत असतो. घाईत डोकं चालत नाही, हात चालतात, न् हात सवयीनं चालतात. मंग ज्याचे त्याचे हात पाहावे.

मी डोक्याखालची उशी ओढून खाली फेकली न् धोंडबाले आवाज दिला. तो आला, धूळ झटकली, न् माह्या मुंडक्याखाली पोतं कोंबावं तशी कोंबली. खोळीचं तोंड माह्या टकलावर. धोंडबाले उशीचं तोंड न् शेपूट सारखंच.

थोड्या वेळानं उशी पुन्हा पडली. प्रमोदिनीनं उचलली. डोळ्यातून पाणी चालूच होतं, पाहून राहिली होती खिडकीकडे, प्रेमिलाच्या बाकड्याकडे. तरी हातांनी उशी बरोबर ठेवली, तोंड कपाटाकडे, दाराच्या उलट. आजकालच्या सगळ्या पोरी तशाच ठेवतात.

तिसऱ्यांदा उशी पडली तवा अंजना सिस्टर माही नाडी पाहायले आल्या होत्या. "काय हो बाबाराव, आज फार चुळबुळ," म्हणाल्या. माहं डोकं एका हातानं उचललं, दुसऱ्यानं उशी अशी अलगद सरकवली का मानेले कळलं पण नाही. गेल्यावर मी हात मागं नेऊन चाचपलं.

तोंड दाराकडे.

होते कधी कधी, मी मनाले म्हटलं. त्या परत आल्या तवा मी पुन्हा पाडली. त्यांनी पुन्हा उचलली, खोळ झटकली, कोपरे खेचले, पाहिलं सुद्धा नाही, न् ठेवली.

दाराकडे.

मले एकदम ती सकाळ आठवली, उलट्या उशांची. पोरी किंचाळल्या, अंजना सिस्टर नाही किंचाळल्या. मले वाचवाले नाही. त्यायले त्या उशा उलट्या दिसल्याच नव्हत्या. त्या या वॉर्डात शिकल्या तवा दार इकडे होतं, या कपाटामागं. दाराच्या उलट म्हणजे तिकडे. पुढं त्या इन्चार्ज झाल्या. इन्चार्ज बाई पलंग लावत नाही, लावून घेते. दार बुजलं, नवं झालं, पण त्यांच्या हातांना कोणी सांगितलंच नव्हतं.

हाड बसवलं त्या दिवशी मी गुरासारखा ओरडत होतो तवा माह्या तोंडात रुमाल देऊन माहं डोकं छातीशी धरलं होतं ते याच बाईनं. आज त्यायचंच नाव घ्यायचं होतं मले.

व्हरांड्यात मेट्रनच्या चपला वाजल्या.

६

मेट्रन, परीक्षक बाई, मागून बिनटोपीची प्रेमिला. बाईंची बॅग दारातच ठेवलेली. टोपी मेट्रनच्या हातात. काय झालं ते पोरींच्या समोर सांगायचं, म्हणजे बाकीच्यांना धाक बसन, असा विचार होता. अंजना सिस्टर माह्या खाटेच्या उशाशीच उभ्या होत्या, मान खाली.

"मॅडम, पाच मिनिटं द्या," मी म्हटलं.

"अजून एक चाळा?"

"हाव जी. शेवटचा." मग मी परीक्षक बाईंना विचारलं, प्रेमिलानं पलंग लावला तवा उशीचं तोंड कोणत्या बाजूले होतं.

त्यायले राग आला. "तुमच्या बाजूला. नाहीतर गुण कापले नसते का मी?"

"मंग भैय्याजीच्या उशीच्या खोळीत हात घालून पाहा."

भैय्याजीले मान उचलता येत होती, त्यानं ती उचलली. बाईंनी हात घातला. पार आतून, शिवलेल्या बाजूकडून, त्यांनी दोन बोटांत धरून एक फुटाणा काढला.

"तो माहा आहे," भैय्याजी म्हणाला. "तरी म्हटलं पुडी हलकी कशी झाली."

कोणी हसलं नाही. मी सारं सांगितलं, फुटाण्यापासून. प्रेमिला होती तवा तोंड माह्याकडे होतं. पट्टी निघाली तवा शिक्का माह्याकडे होता न् पट्टी तिकडच्या कानाले होती. मधल्या वेळात पोरगी शाळेत बसली होती. मंजे उशी फिरवणारा दुसराच आहे. चांगल्या कारणानं कोणी फिरवली असन तर बोला, मी आत्ता फाटकाबाहेर जातो.

मेट्रननं सगळ्यांकडे पाहिलं. प्रमोदिनीनं तोंडावर पदर धरला.

मले पुढचं बोलवेना. म्हणून मी बोललोच नाही. कोपरानं उशी ढकलली.

ती खाली पडली. अंजना सिस्टर वाकल्या. सवयच ती. उचलली, खोळ झटकली, कोपरे खेचले, माहं डोकं उचलून ठेवली. दाराकडे तोंड करून.

"सिस्टर," मी म्हटलं, "दार कुठी आहे?"

त्यांनी दाराकडे पाहिलं. मग उशीकडे. मग कपाटाकडे, त्याच्याखालच्या उजेडाच्या रेघेकडे.

"पट्टी माझी आहे," त्या म्हणाल्या.

सांगितलं ते सरळ सांगितलं. पट्टी त्यांनी औषधांच्या खोलीत लिहिली. पाण्याच्या टबाच्या बुडाले लावून पडद्याच्या फटीतून प्रमोदिनीकडे सरकवायची होती. तेवढ्यात परीक्षक बाई बाहेर आल्या. हाताशी भैय्याजीची उशी होती. नंतर काढून घेऊ म्हटलं, तर धोंडबानं बुढ्याले आणून निजवलं पण.

"आणि प्रेमिलाचं नाव घेतलंत," मेट्रन म्हणाल्या.

"पलंग कोणी लावला, असं विचारलंत तुम्ही. तेवढं खरं सांगितलं. त्याच्या पुढचं खरं सांगायची छाती झाली नाही." त्यांनी प्रमोदिनीकडे पाहिलं. "ही मठ्ठ नाही. हिला वर्गातून उठवून वॉर्डात राबवणारी मी. दोनदा नापास झाली ती माझ्यापायी. तिसऱ्यांदा झाली असती तर घरी गेली असती. मला वाटलं, माझं देणं मी फेडते." मग त्या मेट्रनकडे वळल्या. आवाज चढला नाही. "निरोपावर सही तुमची असायची, बाई."

मी मेट्रनले पहिल्यांदा खाली पाहताना पाहिलं.

परीक्षक बाईंनी अहवाल मागवला, मधोमध फाडला. प्रमोदिनीले म्हणाल्या, पट्टी तुझ्या हाती पोचली नाही, पण ती येणार हे तुला ठाऊक होतं, आणि नंतरही तू गप्प राहिलीस. तुझा निकाल राखला. पुढच्या खेपेला बस, पण त्याआधी सगळे वर्ग झाले पाहिजेत, आणि ते झाले की नाही हे मी मेट्रनना विचारीन.

मेट्रननं टोपी पुढं केली. प्रेमिलानं ती घेतली, पण घातली नाही. आधी प्रमोदिनीसमोर जाऊन उभी राहिली.

"तू खिडकीतून पाहून राहिली होती ना मले? बाकड्यावर?"

प्रमोदिनीनं मान हलवली.

"बरं," प्रेमिला म्हणाली. तिथंच, दोन पिना दातात धरून, तिनं टोपी बसवली. मग व्हरांड्यातून चालत गेली, गरजेपेक्षा जरा हळू. फाटकाशी एक सायकल उभी होती. ती सायकल मंग निघून गेली.

७

अंजना सिस्टरनं त्याच संध्याकाळी वॉर्डाच्या किल्ल्या दिल्या. काढलं का स्वतःच गेल्या, हे मले कळलं नाही, न् विचारायची हिंमत झाली नाही. जाण्याआधी त्या रांगेतून एकदा फिरल्या. भैय्याजीले पाणी पाजलं. कोणाचं पलस्तर सैल झालं ते नव्या सिस्टरले दाखवलं.

माह्या खाटेशी आल्या तवा मी भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेतलं. मले वाटलं आता शिव्या पडतीन, न् पडाव्या असंही वाटलं.

त्यांनी माहं डोकं उचललं. उशी काढली, झटकली, ठेवली. पावलं दूर गेली.

थांबली. परत आली.

पुन्हा तोच हात मानेखाली आला. उशी निघाली, फिरली, न् तोंड कपाटाकडे करून ठेवली गेली.

"दार तिकडे आहे आता," त्या म्हणाल्या, माह्याशी नाही, हातांशी बोलावं तशा. मग त्या दारानं निघून गेल्या.